तळटीप : ‘करार वाढवून दिला’

१. ‘करार वाढवून दिला’ : अमेरिकेतील कॉलेज हॉकी म्हणजे बर्फावरची, आपली मैदानी नव्हे. तिथे प्रशिक्षकाचा करार बहुधा काही वर्षांचा असतो आणि मुदत संपण्याआधीच वाढवला जातो. कारण चार वर्षांसाठी येणाऱ्या मुलाला हाच प्रशिक्षक तोवर राहील का, हे आधी कळायला हवं असतं. फळही सावकाश मिळतं. जेरी यॉर्क १९९४ साली बॉस्टन कॉलेजात प्रशिक्षक म्हणून आले. पहिली तिन्ही वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त. १९९७मध्ये दाखल झालेला ब्रायन जिओन्टा चौथ्या वर्षी कर्णधार होता, आणि त्याच हंगामात, २००१मध्ये, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सुरुवातीच्या आकड्यांवरून यॉर्क यांना निरोप देणं हा घोर अन्याय ठरला असता. ते २०२२पर्यंत तिथेच होते. – संपा.