वाऱ्याशी कोन : काईटसर्फिंगच्या कंट्रोल बारच्या अभ्यासाला प्रस्तावना

पतंग विकत आणला की तो लगेच उडवायचा नसतो. आधी त्याला मंगळसूत्र बांधायचे असते. उभ्या काडीच्या दोन्ही बाजूंना वर दोन आणि खाली दोन भोके पाडायची, त्यांतून दोरा ओवायचा, वरचा आणि खालचा पदर पुढे एकत्र आणून गाठ मारायची. पनवेलच्या आमच्या गच्चीवर ही गाठ मारण्याचा मान आजोबांचा होता. ते वरचा पदर खालच्यापेक्षा किंचित आखूड ठेवत. वारा जोराचा असेल तर आणखी थोडा आखूड. मग पतंग नुसता बोटावर टांगून बघत आणि समाधान झाले तरच मांजा जोडत. एकदा पतंग वर गेला की ती गाठ कोणालाच बदलता येत नसे. गोता खाऊ लागला तर तो उतरवायचा, गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची.

या गाठीत जे ठरते ते म्हणजे पतंगाच्या पाठीचा वाऱ्याशी होणारा कोन. त्या कोनावर पतंगाची ओढ ठरते. या पुस्तकाचा विषय असलेला कंट्रोल बार समजून घ्यायला मला याहून चांगली वाट सापडलेली नाही. बारचा सारा इतिहास म्हणजे ही गाठ पतंगावरून सुटून उडवणाऱ्याच्या हातात येण्याचा इतिहास आहे. जे जमिनीवर एकदाच ठरवून मोकळे व्हावे लागत होते, ते उडता उडता, क्षणोक्षणी ठरवता येऊ लागले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काईटसर्फिंगमध्ये माणूस पाण्यावर फळीवर उभा राहतो आणि मोठा कापडी पतंग त्याला ओढत नेतो. पतंग साधारण वीस ते चोवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला असतो आणि त्या दोऱ्या एका आडव्या दांड्याला येऊन मिळतात. दांडा हातभर लांबीचा, साधारण अर्ध्या मीटरचा. हाच कंट्रोल बार. ओढीचा मुख्य भार हातांवर नसतो. कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या आकड्यावर तो घेतलेला असतो. हात फक्त वळवतात आणि ओढ कमी-जास्त करतात. हे ‘फक्त’ साधायला जवळजवळ दोन शतके लागली.

हा विषय पनवेलमध्ये बसून का लिहावा, असे मला अनेकांनी विचारले. पनवेल आज रस्त्यांचे, इमारतींचे आणि नव्या विमानतळाचे शहर वाटते, पण ते मुळात खाडीवरचे बंदर आहे. मुंबईहून माल शिडाच्या होड्यांतून पनवेलला उतरायचा आणि पुढे बैलगाड्यांतून बोरघाट चढायचा. घाटाचा रस्ता १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला आणि १८६३ साली घाटात रेल्वे येईपर्यंत या वाटेचे मोल मोठे होते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये गाड्यांची चाके बनवणे हा पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून नोंदलेला आहे. घाटावरचे गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जात. म्हणजे वाऱ्याची ओढ दोराने सांभाळणारे खलाशी आणि रोजच्या वापरातून अवजार सुधारणारे कारागीर, दोघेही या गावात पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले. कंट्रोल बारचा अभ्यास करणाऱ्याला हीच दोन माणसे समजली पाहिजेत.

त्यातला खलाशी आधी बघू. शिडाच्या होडीवर वाऱ्याचा अचानक झोत आला तर तांडेल शीड उतरवण्याआधी एक गोष्ट करवतो : शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर सैल सोडायला लावतो. शीड फडफडते, वारा सांडून जातो, होडी सरळ होते. पतंगाच्या बाबतीत हे सोपे नव्हते. ओढ वाढली तर पतंग सैल कसा करायचा? एका दोरीच्या पतंगाला ढील दिली तर तो लांब जातो, पण नवी दोरी ताणली की तितकाच ओढतो. ढील देऊन वारा सांडत नाही. ही अडचण नीट पाहिली की पुढचा प्रत्येक बदल का झाला ते कळते.

तिचे पहिले उल्लेखनीय उत्तर इंग्लंडमधील ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी दिले. १८२६ साली त्यांनी पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. त्यांच्या पतंगाला चार दोऱ्या होत्या : काही वळवण्यासाठी, काही पतंगाचा वाऱ्याशी कोन बदलण्यासाठी. हे पोकॉक क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांचे आजोबा. चार दोऱ्यांची त्यांची कल्पना बरोबर होती, पण ती पुढे कोणी उचलली नाही. १९०३ साली सॅम्युअल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या छोट्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. तरीही पतंगाच्या ओढीवर चालणारा खेळ उभा राहिला नाही. कारण सरळ आहे. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवता येत नव्हता.

तो उठवला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्यांनी हवेने फुगवलेल्या पुढच्या कडेच्या पतंगाचे पेटंट दाखल केले. फुगवलेली नळी बुडत नाही आणि पतंगाला आकारात धरून ठेवते. १९९७ पासून विपिका या नावाने असे पतंग बाजारात आले आणि खेळाचा खरा प्रसार सुरू झाला. त्याआधी अमेरिकेत बिल रोझलर आणि त्यांचे पुत्र कोरी यांनी काईटस्की नावाची वेगळी रचना केली होती. १९९४ पर्यंत ती विक्रीला आली. तिच्या बारवरच दोरी गुंडाळण्याचे रीळ आणि ब्रेक होता. पतंग पाण्यात पडला की दोऱ्या गुंडाळून तो जवळ ओढायचा आणि पुन्हा सोडायचा. दांडा आणि फिरकी एकाच वस्तूत! फिरकी धरून वाढलेल्या आपल्या माणसाला ही रचना पाहताच कळते. पण फुगवलेला पतंग जागेवरूनच उठू लागल्यावर रिळाचे काम संपले. चांगली कल्पना चुकीची न ठरताही मागे पडू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण या क्षेत्रात नाही.

सुरुवातीचे बहुतेक बार दोन दोऱ्यांचे होते. दांड्याच्या दोन टोकांना दोन दोऱ्या. उजवे टोक ओढले की पतंग उजवीकडे, डावे ओढले की डावीकडे. दांड्याच्या मधोमध एक फास असे, तो कमरेच्या आकड्यात अडकवायचा. वळवणे उत्तम साधे. ओढ कमी करणे मात्र साधत नसे. पतंग वाऱ्याच्या कडेला, म्हणजे आकाशात अगदी वर किंवा अगदी बाजूला नेऊन ठेवायचा, एवढाच उपाय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे गणित इथे माणसाच्या अंगावर येत असे. बारा नॉटच्या वाऱ्यात शोभणारा पतंग चोवीस नॉटच्या झोतात माणसाला उचलून वाळूवर टाकी. बार सोडून दिला तर पतंग निकामी होई, पण कमरेचा फास आकड्यात असेपर्यंत बार सुटतच नसे.

मग चार दोऱ्यांचा बार आला, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला तो सर्वांत सुंदर प्रसंग आहे. दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेला, दोन मागच्या कोपऱ्यांना. पुढच्या दोन एकत्र येऊन दांड्याच्या मधल्या छिद्रातून आरपार जातात आणि थेट कमरेच्या फासाला मिळतात. या फासाला जगभर चिकन लूप म्हणतात. मागच्या दोन दांड्याच्या टोकांना बांधलेल्या. आता दांडा त्या मधल्या दोरावर वर-खाली सरकतो. तो अंगाकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणतात, पतंगाची पाठ वाऱ्यासमोर येते, ओढ वाढते. दूर लोटला की मागची कड सैल होते, कोन कमी होतो, वारा सांडतो. आजोबांच्या मंगळसूत्राची गाठच ही. फक्त ती आता हातात आली आणि सरकती झाली. तांडेलाने सैल सोडलेला दोरही हाच.

या रचनेतही एक उणीव होती. त्या काळचे पतंग इंग्रजी सी अक्षरासारखे खोल वाकलेले असत. दांडा पूर्ण लोटला तरी त्यांची ओढ थोडीच कमी होई. ती उणीव २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यू यांच्याच नव्या रचनेने दूर केली. पतंग चपटा केला, मागची कड आत वळवली आणि पुढच्या कडेला अनेक दोऱ्यांचा आधार दिला. कॅब्रिन्हा कंपनीचा क्रॉसबो हा त्या जातीचा पहिला गाजलेला पतंग. आता दांडा लोटताच ओढ जवळजवळ नाहीशी होऊ लागली. बारचा इतिहास पतंगापासून तोडून लिहिता येत नाही, असा माझा आग्रह आहे तो यामुळेच. दांडा तोच, छिद्र तेच. पण पलीकडच्या टोकाचे कापड बदलले आणि दांड्याच्या त्याच हालचालीला निराळा अर्थ आला.

सोडण्याच्या खटक्याची गोष्ट याहून गंभीर आहे. माणूस घाबरला की त्याची मूठ आवळते. बार ओढला जातो, ओढ वाढते, आणि जो हात वाचवू शकला असता तोच संकट वाढवतो. तेव्हा सुटण्याची कृती अशी हवी, की घाबरलेल्या हातालाही ती जमावी. अनेक तऱ्हा करून झाल्यावर चिकन लूपवरची कडी अंगापासून दूर लोटायची, ही पद्धत रुळली. कडी लोटली की फास उघडतो, सगळा भार एकाच दोरीवर जातो आणि पतंग झेंड्यासारखा फडफडत पडतो. २०२० साली या सुटकेच्या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. नव्या अभ्यासकाने ते आवर्जून वाचावे. त्यातील प्रत्येक चाचणीमागे समुद्रात अडकलेल्या माणसाचा विचार आहे.

बाकीच्या भागांची ओळख पुढच्या प्रकरणांत होईल. पिळलेल्या दोऱ्या उलगडणारी फिरती कडी, पुढच्या दोऱ्यांची लांबी बदलणारा पट्टा, डाव्या हाताला लाल रंग ठेवण्याची रीत. जहाजाच्या डाव्या बाजूचा दिवाही लाल असतो, हे खाडीकाठच्या वाचकाला सांगायला नको.

या क्षेत्राची साधने कोणती? पेटंटे सहज मिळतात, म्हणून अभ्यासक तिथेच थांबतात. मला हे अपुरे वाटते. पेटंटात नाव असते ते कल्पना नोंदवणाऱ्याचे. ती झिजवून, वाकवून, पुन्हा बांधून वापरात आणणाऱ्यांचे नसते. पनवेलच्या चाकांना आकार देणाऱ्या सुतारांची नावे तरी कुठे राहिली? जुना बार हाती घेऊन बघा. मधल्या छिद्रापाशी दोर खरवडलेला दिसतो, म्हणून पुढच्या पिढीच्या दोराला प्लॅस्टिकचे आवरण आले. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून त्या वापराने अधिक लांबतात. मागच्या तुलनेने आखूड पडतात आणि पतंग मागे ढासळू लागतो. चारही दोऱ्यांची टोके एका खिळ्यात अडकवून, बार ताणून ही तफावत कोणालाही पाहता येते. वस्तू स्वतःच आपला इतिहास सांगते. तिच्याकडे सावकाश बघणारा माणूस हवा.

दुसरे साधन भाषा. ढील, खेच, गोता, मंगळसूत्र, फिरकी, येवल्याकडची आसारी : वाऱ्याशी वागण्याचे इतके नेमके शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्यात हा विषय परका राहण्याचे कारण नाही. या पुस्तकात ‘बार’ आणि ‘चिकन लूप’ हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण किनाऱ्यावर तेच बोलले जातात. पण बार लोटण्याला मी ‘ढील देणे’ म्हटले आहे. एका दोरीच्या पतंगाला ढीलने जे साधत नव्हते, ते इथे साधते.

एक सूचना कळकळीने करतो. हे वाचून कोणी पनवेलच्या खाडीत पतंग घेऊन उतरू नये. चिखल, खारफुटी, विजेच्या तारा आणि आता डोक्यावरून जाणारी विमाने. ही जागा या खेळाची नाही. शिकायचेच असेल तर गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर हा खेळ चालतो. तिथे जा आणि जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखालीच शिका. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रावर या खेळाच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. आपल्याकडचे तरुण या वाटेने जाणारच आहेत. त्यांनी आधी सोडायला शिकावे, मग धरायला.

आणि ज्यांच्या घरी जुना बार पडला असेल त्यांना एक विनंती. दोऱ्या कुजल्या, खटका गंजला, तरी तो भंगारात देऊ नका. चिठ्ठीवर साल लिहा, कुठल्या किनाऱ्यावर वापरला ते लिहा, कुठे तुटला आणि तुम्ही तो कसा बांधला तेही लिहा. चिठ्ठी दांड्यालाच बांधून ठेवा.

पनवेल, मकरसंक्रांत