यंत्राची साक्ष आणि आरोपीचा दुभाषी

जुन्या काळी पेढीवरच्या मुनिमावर अफरातफरीचा आळ आला की कोर्टात कीर्द-खतावणी हजर होई. शाई कुठे बदलली, खाडाखोड कुणी केली, अक्षर कुणाचे, हे बोट ठेवून दाखवता येत असे. संगणकाच्या हिशेबाला ना अक्षर, ना शाई. त्यात चूक कुठे शिरली हे सांगायला त्या यंत्राची भाषा जाणणारा माणूस लागतो. आपल्यासारख्या दुभाषिक मुलखातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. परक्या भाषेतल्या कागदावरून शिक्षा होण्याची वेळ आली तर आपण आधी दुभाषी शोधतो. संगणकाच्या पुराव्यावर आरोपी झालेल्याला असा दुभाषी मिळाला नाही तर काय होते, याची साक्ष इंग्लंडमधील टपाल खात्याच्या इतिहासात मिळते.

१९९९-२००० च्या सुमारास तेथील पोस्टांच्या काउंटरवर ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. पुढे ती फुजित्सू कंपनीकडे होती. गावोगावची पोस्टे कंत्राटी पोस्टमास्तर चालवीत, आणि आलेली तूट खिशातून भरण्याची जबाबदारीही त्यांच्याच माथी मारली जाई. प्रणालीतील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली. पोस्ट खाते खटले स्वतःच चालवीत असे. २०१५ पर्यंत होरायझनच्या आकड्यांवरून नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतील बहुसंख्य खटले खात्यानेच भरलेले होते.

याच काळात कायदाही बदलला होता. १९८४ च्या पोलीस व पुरावा कायद्याच्या कलम ६९ नुसार संगणक नीट चालत होता, हे पुरावा देणाऱ्याने दाखवणे भाग होते. ते कलम २००० साली गेले. त्यानंतर यंत्र बरोबरच आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. चूक दाखवण्याचे ओझे आरोपीवर आले. पण चूक दाखवायची कशी? नोंदी तर फिर्यादीच्या कपाटात!

२०१० साली गिल्डफर्डच्या न्यायालयात सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तरीणबाईंवर सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा खटला चालला. त्यांच्या बाजूने चार्ल्स मॅकलाक्लन हे संगणकतज्ज्ञ उभे राहिले. प्रणालीत दोष असू शकतात हे त्यांनी सांगितले. परंतु बचावाने मागितलेला सगळा तपशील त्यांच्या हाती पडला नाही. समोर साक्षीला होता फुजित्सूचाच अभियंता. हिशेब जुळत नसल्याचा एक दोष त्याच सुमारास फुजित्सूत व पोस्ट खात्यात माहीत झालेला होता, तो बचाव पक्षाला कळवला गेला नाही. गरोदर असलेल्या त्या बाईंना १५ महिन्यांची शिक्षा झाली.

तज्ज्ञ खोटा ठरला नव्हता. त्याला चोपडीच उघडून दाखवली गेली नव्हती. ती उघडली गेली तेव्हा काय झाले, हे २०१९ साली दिसले. ॲलन बेट्स आणि त्यांच्या साडेपाचशेहून अधिक सहकाऱ्यांच्या दिवाणी दाव्यात जेसन कॉइन या तज्ज्ञाला ज्ञात दोषांची नोंदवही आणि हजारो तांत्रिक टिपणे तपासता आली. काउंटरवरच्या हिशेबात दुरून, पोस्टमास्तरला नकळत हात घालता येतो, हेही उघड झाले. न्यायमूर्ती फ्रेझर यांनी त्या काळची प्रणाली विश्वासार्ह नव्हती असा निर्णय दिला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. त्यांत सीमा मिश्राही होत्या. २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो जणांना निर्दोष ठरवावे लागले. काही जण त्याआधीच जग सोडून गेले होते.

आपल्याकडची गोष्ट उलट्या दिशेने गेली. इंग्लंडने यंत्राबद्दल खात्री मागणे सोडले त्याच २००० साली भारताने माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पुरावा कायद्यात कलम ६५ब घातले. संगणक नीट चालत होता ही अट आणि तसे प्रमाणपत्र त्यात आले. नमुना होता इंग्लंडच्याच १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याचा. जालन्याच्या २०१४ मधील विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठामपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे उलटतपासणी नव्हे. ते देतो पुरावा आणणारा पक्ष. बँकेचा उतारा, मोबाइलमधील नोंद, कॅमेऱ्याचे चित्रण यांवर ज्याचे स्वातंत्र्य टांगलेले आहे, त्याच्या तज्ज्ञालाही मूळ प्रत तपासायला मिळाली पाहिजे. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. पण यंत्राची भाषा जाणणाऱ्याची फी त्याने कुठून द्यावी? दुभाष्याविना खटला चालवू नये, हे न्यायालयांना माणसांच्या भाषांबाबत केव्हाच पटले आहे. यंत्राच्या भाषेबाबतही ते पटायला हवे.