रमाबाईंचा देव आणि मधले लोक

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी झाला, आणि त्यांच्याबरोबर छोट्या मनोरमेचाही. तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. नाते इतके घरगुती असूनही दोन वर्षांच्या आत दोघींचे कडाक्याचे वाजले. ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाली. आपल्या बुद्धीवर न विसंबता देवावर विसंबावे, या ख्रिस्ती शिकवणुकीचा अर्थ नेमका काय, यावरचा इतका सडेतोड वाद आपल्याकडच्या माणसाने केलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

जेराल्डीनबाईंचे म्हणणे सरळ होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या बाईने स्वतःचे मत बाजूला ठेवावे. चर्च सांगेल ते देवाचे मार्गदर्शन मानून चालावे. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता, त्या प्रश्न विचारत, आणि याला मठात अहंकार म्हणत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाईंनी शिकवावे, त्यांच्या वर्गात पुरुष विद्यार्थीही असावेत की नाही, अशी चर्चा निघाली तेव्हा काही बिशपांनी नापसंती कळवली. रमाबाई संतापल्या. क्रुसावर लॅटिनच शब्द कशाला, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. आणि एका पत्रात स्पष्टच कळवले, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तसलेच दुसरे जू देवाची आज्ञा म्हणून चढवून घेणार नाही.

हे निव्वळ हट्टाचे बोलणे नव्हे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्राज्ञा मानून तीर्थयात्रा केल्या, होते नव्हते ते दानधर्मात घातले, आणि १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांचे ऐकले की काय होते, ते रमाबाईंनी उपाशीपोटी पाहिले होते. म्हणून त्यांच्या लेखी देवावर विसंबणे म्हणजे मधल्या लोकांवर न विसंबणे.

पुढची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि तोही दहा वर्षांपुरता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तशी पुण्यात ओरड झाली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. याच काळात रमाबाई ब्रिस्टलचे अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरांचे आणि चीनमध्ये काम करणाऱ्या मिशनचे वृत्तान्त वाचत होत्या. कोणाकडे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर संस्था चालवणारी ही माणसे. आपल्या देशात असे का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. गाठीला पैसा नाही, सदनात जागा नाही. हिशेब मांडला तर उत्तर ‘नको’ असेच येत होते. रमाबाई आधी कचरल्या. मग प्रार्थना केली, आणि गेल्या. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणायच्या ठरवल्या. पुण्यात प्लेगचे नियम लागू झाल्यावर हा गोतावळा केडगावला, पुण्याच्या पूर्वेला रेल्वेलगतच्या शेतजमिनीवर हलला. तेच पुढे मुक्ती सदन.

पण ही जमीन आधीच का घेतलेली होती? अमेरिकेचा पैसा थांबल्यावर सदनाला उत्पन्न हवे, म्हणून तिथे फळबाग लावायला. विहिरीही खणून झाल्या होत्या. विश्वासाची म्हणून सांगितली जाणारी ही कथा अशी एका चोख व्यवहारी बाईने अगोदरच करून ठेवलेल्या तजविजीवर उभी आहे. भक्तिपर चरित्रे बागेवरून भरभर पुढे जातात, याचे मला नेहमी नवल वाटते.

दुसरी बाजूही आहे. १८९८ मध्ये दहा वर्षे भरली, आणि सदनाला धार्मिक बाबतीत तटस्थ ठेवणारे बंधनही सुटले. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती झाली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारावर गेली. आता रमाबाईंना जाब विचारील असे जवळ कोणी रानडे नव्हते, आणि देवाने सांगितले म्हणणाऱ्या बाईशी वाद तरी काय घालणार? वाँटेजला ज्या विद्यार्थिनीने आज्ञा देणाऱ्यांना प्रश्न केले, तिच्याच आश्रमात तसे प्रश्न करणे एखाद्या पोरक्या मुलीला किती शक्य होते? त्या मुलींचा जीव वाचला हे खरे. त्यांना निवड करायला कितपत मिळाले, हाही प्रश्न तितकाच खरा.

रमाबाईंची स्वतःची चिकित्सा मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. मराठी बायबलची भाषा गरीब, अशिक्षित बायकांना समजत नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा भाषांतरित करायला घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत आणि छपाई करीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिच्याकडेच सारे सोपवायचे ठरले होते. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. संपूर्ण मराठी बायबल केडगावहून १९२४ साली बाहेर पडले.