मळसूत्र आणि मंगळसूत्र

मळसूत्र आणि मंगळसूत्र या दोन शब्दांत एक अनुस्वार आणि एक 'ग' एवढाच काय तो फरक. स्क्रूला मळसूत्र म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे साम्य मुद्दाम साधलं असेल असं वाटत नाही. पण नट-बोल्टांचा इतिहास वाचायला लागल्यापासून मला मात्र त्यात पानोपानी लग्नंच दिसतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नट आणि बोल्ट यांचा विवाह खरोखरीच आजन्म असे. कारागीर एका बोल्टावर आटे पाडी आणि त्याच्यापुरता एक नट करी. यंत्र उघडलं की कुठला नट कुठल्या बोल्टाचा, याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. ताटातूट झाली तर दुसरा घरोबा नाही.

हे दिवस पालटवणाऱ्यांत लंडनचा हेन्री मॉडस्ले हा मोठा माणूस. तो जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याकडे कामाला होता. आठवड्याला तीस शिलिंगांच्या वर पगार मिळेना, म्हणून १७९७ साली त्याने नोकरी सोडली. पगारवाढ नाकारून मालकांनी जगावर जे उपकार केले आहेत त्यांची एकदा यादी करायला हवी. ब्रामासाहेबांचं नाव त्यात बरंच वर लागेल. मॉडस्लेने १८००च्या सुमारास केलेली आटे पाडायची लेथ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तशा लेथ त्याच्या आधीही एखाददुसऱ्याने केल्या होत्या, पण कारखान्यात रुळली ती त्याच्या हातची.

तिची युक्ती पाढे येणाऱ्या कोणालाही समजावी अशी आहे. लेथच्या अंगाला एक लांबलचक आट्यांचा दांडा असतो. त्याला लीड स्क्रू म्हणतात. इकडे काम गरगरतं, तिकडे दातेरी चाकांमार्फत हा दांडा फिरतो आणि टूलला पुढे सरकवतो. दांड्यावर इंचाला आठ आटे आहेत असं धरा. कामाच्या बाजूला वीस दात्यांचं आणि दांड्याच्या बाजूला चाळीस दात्यांचं चाक लावलं, तर काम दोनदा फिरेपर्यंत दांडा एकदाच फिरतो आणि कामावर आटे पडतात इंचाला सोळा. चाकं बदला, आटे बदलतात. ही बदलायची चाकं म्हणजेच चेंज गिअर.

झालं! कुठलेही आटे पाडता येतात म्हटल्यावर ज्याने त्याने आपापले पाडले. नट-बोल्ट आता गोतावळ्यात लग्न करू लागले, पण गोत कारखान्याच्या कुंपणापाशी संपे. मॉडस्लेच्याच हाताखाली तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली इंग्लंडपुढे एकच कोष्टक मांडलं. आट्यांचा कोन ५५ अंश. पुढे १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन सुचवला, कारण तो पाडायला सोपा. अमेरिकेने तो उचलला. पाच अंशांसाठी सोयरीक मोडली.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण ७ फेब्रुवारी १९०४ या दिवशी बाल्टिमोर शहराला आग लागली तेव्हा कोणी हसलं नाही. तारा गेल्या, शेजारच्या शहरांतून बंब धावले. वॉशिंग्टनचे बंब तर आगगाडीत घालून आणले. जवान हजर, पाणी हजर. पण त्यांच्या होजपाइपाचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात. सुमारे तीस तासांत दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अडीच इंची होजसाठी राष्ट्रीय माप ठरवलं: इंचाला आटे साडेसात! साडेसाती ही अशीही सुटू शकते. सुटली म्हणावी, तर १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात तिथले हायड्रंट पुन्हा वेगळ्याच मापाचे निघाले.

हे झालं इंचवाल्यांचं घरातलं भांडण. मिलीमीटरवाले तर मुळात दुसऱ्याच जातीचे. आणि त्यांच्यात अधूनमधून प्रेमविवाह होतात. माझ्याकडे एक जुनी लायका कॅमेऱ्याची लेन्स आहे. तिला एक कडी करून हवी होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरने तिला व्हर्नियर लावला, थ्रेड गेजची पाती एकेक करून टेकवली आणि म्हणाला, "काका, ही अंगाने मिलीमीटरची आहे, आट्याने इंचाची. आई-बाप वेगवेगळ्या गावचे दिसतात."

निदान अचूक होतं. व्यास ३९ मिलीमीटर आणि आटे इंचाला २६! वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्याने १९३०पासून ही बदलता येणारी लेन्स आणली. हा कारखाना मुळात मायक्रोस्कोपवाल्यांचा, आणि मायक्रोस्कोपच्या भिंगांचे आटे १८५८पासून लंडनने ठरवलेले, इंचातले.

टर्नरची लेथ जुनी, विलायती, लीड स्क्रूला आठ आटे. त्याने वीस आणि पासष्ट दात्यांची चाकं चढवली: आठ गुणिले पासष्ट, भागिले वीस, बरोबर सव्वीस. मी विचारलं, "लेथ मिलीमीटरवाली असती तर?" त्याने खिळ्याला टांगलेलं एक परातीएवढं चाक दाखवलं. "मग ह्या मामांना बोलवावं लागलं असतं."

मामांचे दाते १२७. इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर. त्याची पाचपट १२७, आणि १२७ला कशानेच भाग जात नाही. त्यामुळे इंचाच्या लेथवर मिलीमीटरचे आटे असोत की मिलीमीटरच्या लेथवर इंचाचे, अगदी बिनचूक हवे तर मामांशिवाय अक्षता पडत नाहीत. शिवाय अशा लग्नात एक अट असते: लीड स्क्रूला एकदा धरलेला हाफ नट काम संपेपर्यंत सोडायचा नाही. सोडून पुन्हा धरला तर टूल जुन्याच चरात उतरेल याची खात्री नाही. दर खेपेला टूल बाहेर घ्यायचं, लेथ उलटी फिरवायची आणि हात न सोडता मागे यायचं. सप्तपदीचा अर्थ मला इतका स्पष्ट कोणी सांगितला नव्हता.

मामा मिळाले नाहीत तर ६३ दात्यांच्या चाकावर भागवतात. आठ आट्यांच्या दांड्यावर ६३ भागिले १६० हे प्रमाण लावलं की सव्वा मिलीमीटरचे आटे पडतात. फरक आठ हजारांत एक! पत्रिका एवढी जुळली तर कोणीही लग्न लावून देईल.

मामांचा हिशेब तंतोतंत जुळतो त्यालाही तडजोडच कारण. पूर्वी ब्रिटिश इंच २५.४हून किंचित कमी होता आणि अमेरिकन किंचित जास्त. कार्ल योहान्सन या स्वीडिश माणसाने आपल्या मापाच्या ठोकळ्यांसाठी मधला सरळ आकडा घेतला, कारखान्यांनी तो वापरला आणि १ जुलै १९५९पासून सहा देशांनी तो अधिकृत मानला. कायदा आला तोवर वर्कशॉपमध्ये लग्न लागून गेलं होतं.

आपल्याकडे १९५८पासून मीटर आला, शेर-मण गेले, इंचही गेला म्हणतात. मग प्लंबर दारात येऊन "अर्धा इंची का पाऊण?" असं का विचारतो? त्या अर्ध्या इंची आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा: २०.९५५ मिलीमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून जास्तच. इंचाला आटे चौदा आणि कोन, वाचकहो, व्हिटवर्थचा ५५ अंश. सकाळी नळाला पाणी नसलं तर नगरपालिकेला जरूर बोल लावा. पण आलेलं पाणी तोटीपाशी गळत नसेल, तर त्याचं थोडं पुण्य १८४१ सालच्या त्या सरासरीच्या पदरात टाका.