रांगोळीने घासलेलं नाणं



माहेरी सांगलीला आईच्या फडताळात राणी छाप रुपयांची पुरचुंडी होती. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. हा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. आई दर दिवाळीला ते जुने रुपये रांगोळीने लख्ख घासायची. तीच सवय घेऊन मी साताऱ्याला सासरी आले.

२००१ हे भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाचं २६०० वं वर्ष. सरकारने त्यानिमित्त शंभर रुपयांचं नाणं काढलं. वजन ३५ ग्रॅम, निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. आमच्या यांनी हौसेने प्रूफ संच मागवला. प्रूफ नाणं बाजारात चालवायला नसतं, जपायला असतं. ठसा आणि चकती दोन्हींना आधी झिलई देतात, मग एकाहून जास्त वेळा दाब देऊन नाणं पाडतात. मागची जमीन आरशासारखी, वरची अक्षरं दुधाळ! मुंबई टांकसाळीच्या प्रूफवर बारीक ‘एम’ अक्षर असतं.

पुढच्या दिवाळीत वहीपूजनाच्या ताटात ठेवायला मी ते डबीतून काढलं आणि आईसारखंच घासलं. आरशावर बारीक ओरखडेच ओरखडे! हे नुसते बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. तेच मला जास्त लागलं.

नंतर कळलं, संग्राहक नाण्याला १ ते ७० अंक देतात. ७० म्हणजे पाचपट भिंगाखालीही डाग नाही. घासलेल्याला अंकच नाही, फक्त ‘घासलेलं’ असा शेरा. मी बी.कॉम. झालेली. चांदी तीच साडेसतरा ग्रॅम, काट्यावर फरक नाही, तरी मोल गेलं! हिशोब पटायला वेळ लागला.

दुसरा संच घेऊ, असं मीच म्हटलं. हे म्हणाले, “परिग्रहाला मर्यादा घातली आहे ना आपण? हेच राहू दे. देवाचं नाव काही पुसलं गेलं नाही.” आजही वहीपूजनाला तेच नाणं असतं.

तुमच्या घरी जुनी नाणी निघाली तर चिंच, राख, रांगोळी काही लावू नका. कडेने धरा, कोरडी ठेवा. काळपटपणा हेही त्यांचं वयच आहे.