ॲव्हो

जुनी विद्युत-मापकं जमवणारे ज्या मीटरला नुसतं ‘ॲव्हो’ म्हणतात, त्याच्या नावात लॅटिन-ग्रीक धातू शोधू नका. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची ही रोमन आद्याक्षरं. म्हणजे मुळात तीन शास्त्रज्ञांची आडनावं, एक फ्रेंच, एक इटालियन, एक जर्मन. यंत्र मात्र इंग्रजी! ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकेडी वेगवेगळे मीटर वागवून वैतागले आणि १९२३ मध्ये हा तिन्ही मापं घेणारा मीटर बाजारात आला. १९५१चं ‘मॉडेल ८’ आजही दुरुस्त होतं, पण मोठे रोध मोजायला त्याला १५ व्होल्टची बॅटरी लागते आणि ती सहज मिळत नाही. विकत घेताना आधी बॅटरीचा कप्पा उघडा. गळक्या सेलने आतले पत्रे खाल्ले असतील, तर भाव पाडूनच मागा.