मठाचा मळा, सरदाराची सनद

कोरेगाव तालुक्यातील देऊर हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या किताबात आले ते त्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर. 1857 चा उठाव शमल्यावर इंग्रज सरकारने जानोजी भोसले यांना ‘देऊरचे राजेबहादूर’ म्हणून मान्यता दिली. राजसत्तेने मर्जीतल्या घराण्याच्या नावे भूमी लावून देण्याची ही रीत केवळ साताऱ्याची नव्हे, आणि जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठचा योहानिसबर्गचा द्राक्षमळा तिचे मोठे उदाहरण आहे.

त्या टेकडीवर 1100 च्या सुमारास बेनेडिक्टाइन पंथीयांनी, म्हणजे संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणे प्रार्थना आणि अंगमेहनत ही दोन्ही व्रते पाळणाऱ्या मठवासीयांनी, मठ स्थापला. सोळाव्या शतकात तो बंद पडला. 1716 मध्ये फुल्डाच्या मठाधिपतीने, जो धर्मगुरू असून आपल्या प्रांताचा राजाही होता, ती जागा विकत घेतली आणि 1720 पासून तेथे रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची मोठी लागवड केली. तोडणीचा हुकूम फुल्डाहून येत असे. 1775 मध्ये तो आणणाऱ्या घोडेस्वाराला उशीर झाला आणि तोवर घडांवर बुरशी चढली, असे परंपरा सांगते. तासगावच्या बागायतदाराला बुरशी म्हणजे हातचे पीक जाणे. ही विशिष्ट बुरशी मात्र पिकलेल्या मण्याची साल सच्छिद्र करते, त्यातले पाणी उडते आणि बेदाण्याप्रमाणे साखर दाटते. तरीही तोडलेल्या त्या द्राक्षांची वाइन अपूर्व निघाली, आणि ‘उशिराची तोडणी’ अशा अर्थाचे ‘श्पेटलेझे’ हे नाव रूढ झाले.

पुढे चर्चच्या मालमत्ता राजसत्तांनी ताब्यात घेतल्या, तेव्हा हा मळा आधी ऑरेंज घराण्याकडे आणि नंतर नेपोलियनचा सेनानी केलरमान याच्याकडे गेला. अखेर 1816 मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस याने व्हिएन्ना परिषदेतील कामगिरीबद्दल तो मंत्री मेटर्निख याला बहाल केला, मात्र उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी हॅब्सबुर्ग राजघराण्याला पोचवण्याच्या अटीवर. म्हणजे प्रमाण सरदेशमुखीचे, तर स्वरूप जुडीचे, कारण इनाम जमिनीवर सरकार राखून ठेवी त्या हलक्या साऱ्याला मराठी मुलखात जुडी म्हणत.

मेटर्निख घराण्याने हा वारसा निष्ठेने जपला, 1942 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली वास्तू पुन्हा उभारली, आणि त्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. परंतु मळ्याची कीर्ती सनदेच्या आधीची, मठाधिपतींच्या काळातली आहे. वाड्याच्या प्रांगणात आजही त्या उशिरा पोचलेल्या घोडेस्वाराचा पुतळा उभा आहे.